चिठ्ठी आण, पँट ने

चाळीस वर्षं मी शिलाई केली आणि लग्नाचा सूट उशिरा दिला तो आयुष्यात एकदाच. वेळेवर दिलेल्या सगळ्या सुटांपेक्षा मला त्या एका उशिराचाच जास्त अभिमान आहे, म्हणून तोच सांगायला बसलोय.

दुकान म्हणजे आमच्या घराची पडवी. समोर केळीची वाडी, बाजूला बावखल, म्हणजे वाडी शिंपायचं आमचं तळं. पडवीत माझं पायमशीन, कापायचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि कोपऱ्यात खुर्चीवर बायको. काज-बटण तिच्याकडे. तिचं काज उलट बाजूने बघितलं तरी नाव ठेवता यायचं नाही, आणि तिच्या जिभेचंही तसंच होतं. घरी आम्ही वसईतली आमची ख्रिस्ती बोली बोलायचो. ती इथे लिहिली तर तुमच्यातल्या निम्म्यांना कळायची नाही, म्हणून साध्या मराठीत लिहितोय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेलबॉटमचे दिवस! मांडीला चिकटलेली, गुडघ्याखाली घेरदार, आणि कापड टेरिकॉट, ज्यातून वारासुद्धा परवानगी काढून आत जाईल. पोरं म्हणायची, "काका, अजून घट्ट." मी म्हणायचो, "लेका, बसणार कसा? उभ्यानेच संसार करणार का?" पण शिवायचो. आसपासच्या चार गावांत लग्न ठरलं की सुटाचं कापड माझ्याकडे यायचं, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी सूट हँगरवर तयार. ती माझी शान होती.

माप घेताना मी एक प्रश्न विचारायचो. चांगल्या शिंप्याला तो विचारावाच लागतो. "डावीकडे की उजवीकडे?" पुरुषाचं सामान एका बाजूला विसावलेलं असतं. त्या बाजूला आसनात, म्हणजे दोन पाय जिथे मिळतात तिथे, सूतभर कापड जास्त सोडावं लागतं, नाहीतर घडी नीट पडत नाही. नवखं गिऱ्हाईक लाजून लाल व्हायचं. एखादा धीर करून विचारायचा, "काका, माझं एक खाली आणि एक वर आहे. काही वाईट तर नाही ना?" मी सांगायचो, "सगळ्यांचं तसंच असतं बाबा. देवाने मुद्दाम तसं केलंय, नाहीतर चालताना दोन्ही एकमेकांवर आपटली असती." तो इतका सुटका झाल्यासारखा हसायचा की वाटायचं, हा बिचारा किती वर्षं ही काळजी घेऊन फिरत होता!

आता माझं स्वतःचं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला उजव्या बाजूला सूज होती. पाच वर्षांपासून. आधी लिंबाएवढी, मग मोसंबीएवढी. दुखत नव्हती, फक्त जड वाटायचं. बायको सांगून थकली, "डॉक्टरला दाखवा." मी म्हणायचो, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" कुणी म्हणालं, जड उचलल्याने होतं, म्हणून पाण्याच्या घागरी उचलायच्या सोडल्या. कुणी म्हणालं रुईचं पान शेकून बांध, ते बांधलं. त्याने कातडी भाजली, सूज होती तिथेच. मग मी माझी विद्या कामाला लावली. स्वतःसाठी अशी पँट बेतली की पुढे दोन चुण्या, आसन खोल, वरून शर्ट बाहेर. आरशापुढे उभा राहिलो तर मलाच कळेना सूज कुठल्या बाजूला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची! गावात कुणाला पत्ता नाही, या समजात मी मिशीला पीळ देत फिरत होतो.

आणि दवाखान्यात जायचं तरी कसं? आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचे दिवस नुकतेच सरले होते. पुरुषाने तिथलं काही दाखवायला नेलं की कापूनच पाठवतात, असं जो तो सांगायचा. ज्याला विचारावं त्याचा कुणीतरी लांबचा मेहुणा असा कापून आलेला असायचा. मेहुणा कधी कुणाला दिसला नाही, पण भीती मात्र खरी होती.

तर अशा दिवसांत आमच्या गावच्या मास्तरचं लग्न ठरलं. वय अठ्ठावीस, शाळेत शास्त्र शिकवायचा, दोन घरं सोडून राहायचा. वडील लहानपणीच गेले, आईने वाडीतल्या केळी विकून शिकवला. त्याच्या पहिल्या हाफ पँटपासून सगळं मीच शिवलेलं. साखरपुडा झाल्यावर फेब्रुवारीत सुटाचं माप द्यायला आला. टेरिवूलचं कापड, करड्या रंगाचं. "काका, बेलबॉटमच पाहिजे. मांडीला एकदम फिट." मी म्हटलं, "नवरदेव आहेस, हुकूम कर." डावीकडे की उजवीकडे, ते मला विचारावं लागलं नाही. त्याचं मला पाठ होतं.

लग्न मे महिन्यात. ईस्टरआधीचा उपासकाळ संपला, ईस्टर झाला, आणि एप्रिलमध्ये मी त्याला कच्च्या शिलाईवर पँट घालून बघायला बोलावलं. घातली. मी गुडघ्यावर बसून बघतोय, तर डाव्या बाजूला कापड ताणलेलं. घडी मांडीवरून सरळ उतरायची ती वाकडी चाललीय. माझं माप चुकलं? माझं? टेप काढला. कंबर तीच, सीट तीच, मांडी तीच.

मास्तर हळूच म्हणाला, "काका, आसन जरा सैल करा ना."

"मांडीला फिट पाहिजे होतं ना तुला?"

"मांडी राहू द्या. आसन तेवढं सैल करा. बोटभर."

मी वर बघितलं. त्याने उजव्या पायावर भार टाकला होता, डावा गुडघा किंचित वाकवला होता, आणि डावा हात खिशात घालून पुढे धरला होता. तसा मी पाच वर्षं उभा राहत होतो! चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात.

काय बोलणार? स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याचं कुसळ कुठल्या तोंडाने काढायचं? म्हटलं, "करतो सैल." तो गेला. बायको काज करता करता म्हणाली, "पोराला काहीतरी झालंय." मी तिच्यावरच खेकसलो, "तू तुझं काज बघ!" खरं म्हणजे मी स्वतःवर खेकसत होतो.

त्याच आठवड्यापासून मिस्सेत, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, त्याचं नाव वाचायला लागले. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात. फादर सगळ्यांसमोर सांगतात, या दोघांच्या लग्नाला कुणाला काही हरकत ठाऊक असेल तर कळवावी. जन्मभर ऐकलेलं वाक्य. त्या वेळी आपण बाकावर बसून सुटाच्या कॉलरी मोजत असतो. पण त्या रविवारी ते वाक्य फादरनी माझ्याकडे बघूनच म्हटलं, असं मला वाटलं. कुणाला ठाऊक असेल तर. ठाऊक होतं ना! मला एकट्याला ठाऊक होतं. मास्तर पुढच्या बाकावर ताठ बसलेला, शेजारी त्याची आई, तिच्या डोक्यावरचा पदरसुद्धा त्या दिवशी आनंदी दिसत होता. मी खाली मान घालून बसलो.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्याला वाटेत गाठला आणि पडवीत आणून बसवला. बायकोला म्हटलं, "आत जा जरा." ती गेली, म्हणजे दाराच्या आडपर्यंत गेली.

"काय आहे ते सांग," मी म्हटलं.

"कुठे काय?"

"मी तुझी पँट शिवतो, तुझा इन्स्पेक्टर नाही. काय आहे?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गाठ आहे. नाताळच्या आसपास आंघोळ करताना हाताला लागली. वाटाण्याएवढी. आता सुपारीपेक्षा मोठी आहे."

"दुखते?"

"अजिबात नाही. म्हणून तर काळजी नाही काका. दुखली असती तर गेलो असतो."

मीही पाच वर्षं हेच म्हणत आलो होतो. पण माझी सूज पाण्याच्या पिशवीसारखी मऊ होती. "मऊ आहे की कडक?"

"कडक. खड्यासारखी."

मी लगेच म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जा."

"लग्न होऊ द्या, मग जाईन. आता गेलो आणि मुलीकडे कळलं तर? आई मरेल काका. लग्न मोडलं तर ती मरेल."

"आणि तू मेलास तर ती काय जेवण घालेल गावाला?"

तो उठला. माझं डोकं फिरलं होतं. हँगरवरची त्याची पँट काढली, कपाटात टाकली, कुलूप लावलं. "डॉक्टरची चिठ्ठी आण, पँट ने. चिठ्ठी नाही, तर पँट नाही. जा लग्नाला लुंगी नेसून!"

मास्तर तसा शांत पोरगा. पण तोही भडकला. दारात जाऊन वळला आणि म्हणाला, "आणि तुमचं? तुम्ही कधी आणणार चिठ्ठी?"

"माझं काय?"

"काका, सगळ्या गावाला माहीत आहे."

तो गेला आणि मी मशीनवर तसाच बसून राहिलो. सगळ्या गावाला! त्या दोन चुण्या, ते खोल आसन, तो बाहेर सोडलेला शर्ट! दाराआडून बायको म्हणाली, "मी तर पाच वर्षं सांगतेय." मी म्हटलं, "तू गप्प बस," आणि मग मलाच हसू आलं. काय करणार, माझी सगळी कलाकुसर गावाने उघड्या डोळ्यांनी बघितली होती आणि माझा मान राखायला सगळं गाव एकजात आंधळं झालं होतं.

पण कुलूप मी काढलं नाही. तो आठवडा वाईट गेला. मास्तरची आई दुकानात आली. "सूट झाला का रे?" मी म्हटलं, "मशीन बिघडलंय." मशीन तर तिच्यासमोर चालत होतं! ती बघतच राहिली. दोन दिवसांनी परत आली आणि पडवीत उभी राहून मोठ्याने म्हणाली, की हा शिंपी आता म्हातारा झाला, याच्याकडून सुई धरवत नाही, माझ्या एकुलत्या पोराच्या लग्नात याने मला तोंडघशी पाडलं. बाजारापर्यंत गोष्ट गेली. ज्याने आजवर एक सूट उशिरा दिला नाही, त्याला लोक वाटेत थांबवून विचारायला लागले, "काय हो, झेपत नाही का आता?" शेचाळिसाव्या वर्षी! रागाने कानशिलं तापायची. एका शब्दात तोंडं बंद करता आली असती. पण तो शब्द मास्तरचा होता, माझा नव्हता. मी ऐकून घेतलं. आयुष्यात मी एवढं ऐकून कधी घेतलं नव्हतं, आणि बायकोने त्या आठवड्यात मला एकही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या रविवारी परत नावं वाचली. परत तेच वाक्य. मिस्सा संपल्यावर मास्तर चर्चच्या आवारात माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले, झोप नसलेला. म्हणाला, "काका, आई तुम्हाला एवढं बोलली आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"माझं होतं का ते सांगायला?"

"उद्या जातो मी. पण एका अटीवर."

"कसली अट?"

"तुम्ही पण दाखवायचं. आधी तुम्ही."

घ्या! पोरगं शास्त्राचं मास्तर, उगाच नाही. मी म्हटलं, "बरं."

डॉक्टर वसईतले जुने, पिकलेले, कमी बोलणारे. सोमवारी सकाळी आम्ही दोघं बाकड्यावर असे बसलो होतो, जणू एकमेकांना ओळखत नाही. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "एकेक या." मास्तर म्हणाला, "आम्ही जोडीने आलोय." डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि बोटाने आधी मला पुढे बोलावलं.

मी पँट सोडली. हजारो पुरुषांची मापं घेतलेला मी, स्वतःच्या चड्डीच्या नाडीला नुसती गाठ मारून बसलो. डॉक्टरांनी हाताने तपासलं, खिडकीचा पडदा ओढला, दार लावलं आणि एक साधा टॉर्च सुजेला मागून टेकवला. सगळी सूज आतून लालबुंद उजळली, नाताळात ओटीवर ताऱ्याचा कंदील लागतो तशी. मी घाबरून ओरडलो, "हे काय!"

"पाणी," डॉक्टर म्हणाले. "हायड्रोसील. उजेड आरपार जातो म्हणजे आत पाणी आहे. लहानसं ऑपरेशन आहे. नसबंदीचा आणि याचा काही संबंध नाही, तुमच्या डोळ्यांत तीच भीती दिसतेय म्हणून सांगतो. पाच वर्षं कशाला वागवलंत?"

मी इतका हलका झालो होतो की हसतच होतो. मग मास्तर पुढे झाला. त्याची गाठ माझ्या सुजेपुढे काहीच नव्हती. बाहेरून बघून तर कळलीही नसती. डॉक्टरांनी बोटांत धरून हळूहळू चाचपली, आधी चांगली बाजू, मग डावी. टॉर्च लावला. आजूबाजूची कातडी लाल झाली. गाठ काळी ती काळीच राहिली.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

डॉक्टरांनी पडदा उघडला, हात धुतले. मास्तर म्हणाला, "दुखत नाही डॉक्टर, म्हणून थांबलो."

"इथेच सगळे चुकतात. दुखलं की माणूस धावत येतो. न दुखणारी कडक गाठ माणसाला घरी बसवून ठेवते. ही काय आहे ते काढून तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण ठेवायची नाही. हिला कुणाला सुई टोचू द्यायची नाही, पाला बांधायचा नाही, चोळायची नाही. याच आठवड्यात मुंबईला जायचं, मी चिठ्ठी देतो."

"माझं लग्न आहे."

"पुढे ढकल."

मास्तरने पँटचं बटण लावता लावता विचारलं, "काढली तर... मुलं?"

"ती बाजू सगळीच काढावी लागेल, पण एक पुरतं. माणसाचा एक डोळा गेला म्हणून तो आंधळा होतो का?"

"आणि बाकीचं?"

"बाकीचं पण सगळं होतं." मग डॉक्टर पहिल्यांदाच जरा हसले. "तुझ्या या काकांनी तुला लवकर आणलंय. आभार मान त्यांचे."

बाहेर आल्यावर मास्तर पायरीवर बसला आणि रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

त्याच संध्याकाळी त्याने आईला सांगितलं, फादरना सांगितलं, आणि सायकल काढून मुलीच्या गावी जाऊन तिलाही स्वतः सांगितलं. मी नको म्हणत होतो. म्हटलं, आधी ऑपरेशन होऊ दे. तो म्हणाला, "नाही काका, लपवून बघितलं ना आपण दोघांनी." तिसऱ्या रविवारी नावं वाचली नाहीत. सगळं चर्च मास्तरच्या बाकाकडे बघायला लागलं. त्याची आई ताठ बसली होती. मिस्सा झाल्यावर सरळ माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. तेवढ्यानेच मी भरून पावलो.

मुलगी दोन दिवसांनी एकटीच दुकानात आली. बालवाडीत शिकवायची, बारीक अंगाची, पण नजर अशी की आपणच आधी नजर खाली घालावी. म्हणाली, "काका, पँट तुम्ही अडवून धरलीत?"

"हो. मीच."

"तो म्हणाला, तू मोकळी आहेस. मी म्हटलं, मला न विचारता मोकळी करणारा तू कोण?" मग कपाटाकडे बोट दाखवलं. "तो सूट कुणाला देऊ नका. त्यालाच लागणार आहे."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "ही पोरगी मला आवडली." तिला सहजासहजी कुणी आवडत नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. जांघेत चीर देऊन ती बाजू गाठीसकट काढली. तपासणीचा कागद आला, त्यात कॅन्सर लिहिला होता. तो शब्द आमच्या गावात त्या वेळी मोठ्याने कुणी उच्चारत नसे. पण डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, बाहेर फारसा गेलेला नाही. पुढे कित्येक आठवडे तो 'लाईट', म्हणजे किरणांचे शेक, घ्यायला जात होता. चांगल्या बाजूवर शिशाचं झाकण ठेवायचे, असं त्याने मला शास्त्राच्या तासासारखं समजावून सांगितलं. उलट्या व्हायच्या, वजन उतरलं. त्याची आई रोज केळफुलाची भाजी करायची, ती त्याला बघवत नसे आणि तिला ते कळत नसे. माझंही पाणी त्याच पावसाळ्यात काढलं. चार दिवस बदकासारखा चाललो, मग पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी चुणीशिवायची पँट शिवली.

गोष्ट गावात पसरलीच. आणि मग गंमत सुरू झाली. पुरुष दुकानात यायला लागले. "काका, बटण तुटलंय." बघतो तर बटण ब्लेडने कापलेलं! बसायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे आणि उठता उठता एक प्रश्न टाकायचे. मला काय येतं? मी डॉक्टरांना विचारून यायचो आणि तेवढंच सांगायचो. जांघेत खाज, नायटा? ओला लंगोट दिवसभर ठेवू नकोस, ही टेरिकॉटची बेलबॉटम शेतावर घालू नकोस, आठ दिवसांत गेलं नाही तर दाखव. पुढची कातडी पुन्हापुन्हा लाल होते, चिरते? लघवी तपासून घे. असा एक जण गेला तर साखर निघाली, त्याला माहीतच नव्हतं. लघवीला जळजळ आणि पू? लाजू नकोस, आणि एकटा जाऊ नकोस, बायकोलाही ने, नाहीतर औषध अर्धंच होतं. महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर बोटांनी स्वतःच चाचपून बघ. काही नवीन लागलं, कडक लागलं, तर दुखायची वाट बघू नकोस.

कबड्डी खेळणारा एक गडी एका दुपारी घामाघूम होऊन आला. खाली एका बाजूला अचानक जीवघेणं दुखतंय, उलटी झाली, आणि म्हणतो, उद्या बघू. डॉक्टरांनी मला हे बजावून ठेवलं होतं. अचानक दुखलं तर तासांचा खेळ असतो, आतली दोरी पिळली जाते आणि रक्त थांबतं. मी केळीचा टेम्पो थांबवला, त्याला घडांवर आडवा घातला आणि स्वतः सोबत गेलो. वाचलं त्याचं. पुढे वर्षभर तो मला बघितलं की मैदानातून ओरडायचा, "काका, चिठ्ठी पाहिजे का?" असं ते वाक्य गावभर झालं. नवी पँट न्यायला आलेला चेहरा पाडून उभा राहिला की मी नुसता कपाटाच्या कुलपाकडे बघायचो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन यायचे. मी ती वाचायचो नाही, डॉक्टरची सही तेवढी बघायचो.

आणि मास्तर? दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत परत गेला. शास्त्राच्या पुस्तकातला प्रजननाचा जो धडा तो दरवर्षी "घरी वाचा" म्हणून सोडून द्यायचा, तो त्याने त्या वर्षी मोठ्या मुलांना उभं राहून शिकवला. हेडमास्तर कुरकुरले. तो म्हणाला, हे कुणीतरी वेळेवर बोललं म्हणून मी जगलोय. हे मला कळलं त्या दिवशी मी बायकोला दहा वेळा सांगितलं. अकराव्यांदा ती म्हणाली, "ऐकलं हो, तुम्हीच जन्म दिलात त्याला."

नाताळच्या आधी कपाटाचं कुलूप काढलं. करड्या टेरिवूलला कसर लागली नव्हती, बायकोने डांबरगोळ्या घातल्या होत्या. मास्तर पँट घालून उभा राहिला. कमरेला दोन इंच सैल, मांडीला सैल. मी गुडघ्यावर बसलो, टाचण्या तोंडात. त्याने दोन्ही हात बाजूला सोडले होते, दोन्ही पायांवर सारखा उभा होता. घडी कमरेपासून पावलापर्यंत सरळ उतरली.

"डावीकडे की उजवीकडे?" मी मुद्दाम विचारलं.

"आता तुम्हीच ठरवा काका," तो म्हणाला, आणि दोघं इतके हसलो की एक टाचणी मी गिळता गिळता राहिलो.

मधे बरेच महिने गेले होते, म्हणून फादर म्हणाले, नावं पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागतील, तिन्ही रविवार. जानेवारीत पहिल्या रविवारी मी बायकोला घेऊन मुद्दाम पुढच्या बाकावर बसलो, नवी पँट, शर्ट आत खोचलेला. फादरनी दोघांची नावं वाचली. म्हणाले, या लग्नाला कुणाला काही हरकत ठाऊक असेल तर कळवावी.

मला जे ठाऊक होतं ते आता सगळ्या गावाला ठाऊक होतं. चर्च गच्च भरलेलं. कुणी खाकरलंसुद्धा नाही.